नोकरी सोडू की नको: पगारातून पाळणाघर वजा करून याचं उत्तर मिळत नाही

बाळंतपणाची रजा संपायला महिनाभर राहिला की बहुतेक घरांत एक हिशोब मांडला जातो. तिचा हातात येणारा पगार इतका, त्यातून पाळणाघर वजा, लोकलचा पास आणि रिक्षा वजा, पोळ्यांच्या मावशी वजा, आणि उरलेला आकडा बघून कोणीतरी म्हणतं की एवढ्यासाठी कशाला जीव काढायचा, राहा की दोन-तीन वर्षं घरी. माझं काम पगारपत्रकांचं आहे, राजीनाम्यानंतरचा फायनल हिशोब मीच करते, आणि सही करायला आलेल्या बाईशी दोन शब्द बोललं की कळतं, राजीनामा याच वजाबाकीवर लिहिलेला असतो. राहायचं की कामावर जायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, दोन्हीत काही कमी-जास्त नाही. पण वजाबाकीच अर्धवट मांडलेली असते आणि तिच्यावर पुढची वीस वर्षं ठरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून आज ती नीट उलगडून सांगते.

समजा डोंबिवलीतलं एक जोडपं आहे. त्याच्या हातात महिन्याला ६५ हजार येतात, तिच्या हातात ४० हजार. पाळणाघर १० हजार, तिचा प्रवास २ हजार, पोळ्यांच्या आणि वरकामाच्या मावशी ३ हजार, आणि ऑफिसला जायचं म्हणून होणारा कपडे-चहापाणी-बाहेरून मागवलेलं जेवण असा किरकोळ खर्च ३ हजार. (आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या शहराचे टाकून बघा.) एकूण १८ हजार गेले, उरले २२ हजार. आणि या २२ हजारांसाठी सकाळी साडेपाचला उठायचं, बाळाला झोपेतच कपडे घालायचे आणि ७.१० च्या लोकलमध्ये स्वतःला कोंबायचं, असं चित्र उभं राहिलं की कोणालाही नोकरी सोडावीशी वाटेल.

आता यात पहिली गडबड बघा. पाळणाघराचे १० हजार फक्त तिच्या पगारातून का वजा केले? बाळ दोघांचं आहे, तोही कामावर जातोय, आणि बाळाकडे कोणीतरी बघतंय म्हणूनच जाऊ शकतोय. म्हणजे पाळणाघर हा दोघांच्या नोकरीचा खर्च झाला, जसा घराचा हप्ता दोघांचा असतो तसा, आणि हप्ता काही कोणी एकट्या बायकोच्या पगारातून वजा करून तिची नोकरी परवडते का असं विचारत नाही. एकत्र मांडलं तर १ लाख ५ हजार येतात, १८ हजार जातात, ८७ हजार उरतात. तिने सोडली तर ६५ हजार उरतात. फरक तोच २२ हजारांचा आहे, गणित बदललं नाही हे मान्य, पण प्रश्न बदलला. आधी प्रश्न होता की तिची नोकरी परवडते का, आता प्रश्न असा की आपल्या घराला ८७ मध्ये राहायचंय की ६५ मध्ये, आणि मधल्या २२ हजारांच्या बदल्यात आपल्याला काय मिळतंय, काय जातंय. हा प्रश्न दोघांना बसून सोडवावा लागतो.

दुसरी गडबड जास्त मोठी आहे आणि ती वेळेची आहे. पाळणाघराचा जड खर्च चार-पाच वर्षांचा, नंतर शाळा सुरू होते, शाळेनंतरचे दोन-चार तासच बघावे लागतात. पगार मात्र वाढत जातो. ४० हजार दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढले तर पाच वर्षांनी जवळपास ५८,८०० होतात. तिने पाच वर्षं घरी राहून मग परत ४० हजारांवरच सुरुवात केली, आणि गॅप पडल्यावर जुना पगार मिळाला तरी लोक नशीब समजतात, तर महिन्याला सुमारे १८,८०० चा फरक पडला, वर्षाला सव्वादोन लाखांचा. आणि तो त्या वर्षी भरून निघत नाही, पुढच्या प्रत्येक वाढीत सोबत येतो, कारण टक्केवारी लहान आकड्यावर लागते. म्हणजे सोडताना जी किंमत दिसते ती फक्त पाच वर्षांची, आणि जी मोजावी लागते ती रिटायरमेंटपर्यंतची.

तिसरी गोष्ट म्हणजे हातात न येणारा पगार. त्याच्याकडे कोणी बघतच नाही, कारण तो बँकेच्या मेसेजमध्ये दिसत नाही. समजा तिचा बेसिक, म्हणजे मूळ पगार, २० हजार आहे. तिचे १२ टक्के म्हणजे २,४०० पीएफमध्ये जातात, कंपनीही तेवढेच घालते, त्यातले १,२५० पेन्शन योजनेकडे वळतात आणि १,१५० पीएफमध्ये पडतात. म्हणजे पीएफमध्ये महिन्याला ३,५५०. पाच वर्षं हे जमा झालं नाही तर ८.२५ टक्के व्याज धरून पाच वर्षांचे सुमारे अडीच लाख गेले, आणि ते तसेच आणखी वीस वर्षं राहिले असते तर सुमारे १२ लाख. व्याजदर दरवर्षी जाहीर होतो, तो कमी-जास्त होईल, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. शिवाय ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम, जी साधारणपणे सलग पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळते, दर वर्षाला शेवटच्या बेसिकचे १५ दिवस, महिना २६ दिवसांचा धरून, या हिशोबाने. चार वर्षं दोन महिने झालेल्या मुलींनी राजीनामा दिलेला मी बघितलाय, उरलेले दहा महिने रजेवर काढले असते तर हक्काचा पैसा हातात आला असता. पीएफच्या पेन्शनलाही दहा वर्षांची नोकरी लागते. आणि कंपनीचा मेडिक्लेम, ज्यात कधीकधी तिचे आईवडीलसुद्धा असतात, तो शेवटच्या दिवशी बंद.

आता कोणी म्हणेल, जाऊ दे, मी थोडी जास्त मेहनत करतो, बढती घेतो, भरून काढतो. नवरा हे प्रेमानेच म्हणतो. पण इथे अमेरिकेच्या अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांचं काम समजून घेण्यासारखं आहे, त्यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते बायकांच्या कमाईवर केलेल्या अभ्यासासाठी. त्यांचं म्हणणं सोप्या शब्दांत असं की काही नोकऱ्या अधाशी असतात. रात्री नऊला फोन आला तर उचलणारा, शुक्रवारी सांगून सोमवारी बेंगळुरूला जाणारा, असा माणूस त्यांना हवा असतो, आणि अशा माणसाला त्या दुप्पट वेळाचे दुपटीहून जास्त पैसे देतात. घरात लहान मूल असेल तर दोघांनाही असं वागता येत नाही, कोणीतरी एकाला मोकळं राहावं लागतं. मग पैशाच्या हिशोबाने बरं दिसतं म्हणून एकाने अधाशी नोकरी घ्यायची आणि दुसऱ्याने सोयीची, किंवा सोडायची. हा दुसरा बहुतेक वेळा बायको असते. म्हणजे कोणी वाईट वागलं नाही, कोणी जबरदस्ती केली नाही, तरी दहा वर्षांनी दोघांच्या पगारात प्रचंड दरी. आणि त्याची बढती तिच्या घरी असण्यावर उभी असते हे पगाराच्या स्लिपवर कुठे लिहिलेलं नसतं. डेन्मार्कसारख्या देशात, जिथे पाळणाघरं स्वस्त आणि रजा भरपूर, तिथेही मूल झाल्यावर बायकांची कमाई दीर्घकाळात साधारण २० टक्क्यांनी मागे पडते आणि पुरुषांची जवळपास हलत नाही असं संशोधनात दिसलंय. आपल्याकडे तर विचारूच नका.

आपल्याकडे घरातल्या कामाचा वेळ सरकारने मोजलाय. २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेप्रमाणे घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात, आणि जे पुरुष ही कामं करतात ते ८८ मिनिटं. म्हणून नोकरी करणारी बाई दमते ती एकट्या ऑफिसमुळे दमत नाही. बऱ्याच जणींना नोकरी सोडून जी विश्रांती हवी असते ती नवऱ्याने रोजचा दीड तास उचलला तरी बरीचशी मिळाली असती, आणि हे आधी करून बघायला एक रुपया लागत नाही.

एक छोटी गोष्ट सांगते. पाळणाघराच्या फॉर्मवर दोन मोबाइल नंबर लिहायचे असतात, आणि वरती आपोआप आईचा जातो. सकाळी साडेअकराला फोन येतो, ताई, पिल्लूला ताप वाटतोय, घेऊन जाता का, की ती मीटिंगमधून उठते, हाफ डे टाकते, पर्समध्ये पॅरासिटामॉलची बाटली असतेच. महिन्यात तीनदा असं झालं की साहेबांच्या डोक्यात तिचं नाव एका कप्प्यात जातं आणि वर्षाच्या रेटिंगमध्ये दिसतं. त्याला फोन कधी येतच नाही, त्यामुळे त्याचं रेटिंग चांगलं, त्यामुळे त्याचा पगार जास्त, त्यामुळे पुढच्या वेळी सोडायची वेळ आली की सोडणार ती. माझं ऐकाल तर फॉर्मवर पहिला नंबर बाबाचा टाका. दोघांनी आठवडे वाटून घेतले तर अजून चांगलं.

आता कायदा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये बदल झाला आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली, त्यातली आठ आठवड्यांपर्यंत डिलिव्हरीच्या आधी घेता येते. दोन मुलं हयात असताना तिसरं झालं तर १२ आठवडे. तीन महिन्यांच्या आतलं बाळ दत्तक घेणाऱ्या आईलाही त्याच बदलात १२ आठवडे मिळाले. अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असावं. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभा हवी. रजेनंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर कंपनी आणि कर्मचारी दोघांच्या संमतीने घरून काम करता येतं हेही कायद्यात लिहिलंय, आणि रजेवर असताना बाईला कामावरून काढता येत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, या गोष्टी तिच्यातही आहेत. पगार २१ हजारांच्या आत असून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर रजेचे पैसे ईएसआयकडून येतात.

पण याच कायद्यात एक मेख आहे. ईएसआय सोडलं तर २६ आठवड्यांचा सगळा पगार मालकाने द्यायचा. जगात बऱ्याच देशांत हा खर्च सामाजिक विम्याच्या फंडातून होतो, म्हणजे सगळ्यांवर वाटला जातो. आपल्याकडे तो ज्याने बाईला कामावर ठेवलं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर पडतो, आणि बापासाठी खाजगी नोकरीत कायद्याने एक दिवसही रजा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, बाकीच्यांना कंपनीच्या मर्जीवर. मग लहान कंपनीचा मालक इंटरव्ह्यूत विचारतो, लग्न झालंय का, प्लॅनिंग काय. बापालाही सक्तीची रजा असती तर हा प्रश्न विचारून त्याला काही फायदाच झाला नसता. हे बदलायला हवं असं मला अगदी ठामपणे वाटतं.

एवढं सगळं वाचून वाटेल की मी नोकरी सोडूच नका म्हणतेय. तसं नाही. मूल वेळेआधी जन्मलंय, त्याला थेरपीची गरज आहे, आठवड्यात चार दिवस हॉस्पिटल आहे, तर कोणीतरी घरी लागतंच. घराजवळ भरवशाचं पाळणाघर नाही, नोकरी शिफ्टची आहे, दोघांचे मिळून पाच तास प्रवासात जातात, अशा घरात एक जण घरी राहणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. आणि कोणाला मनापासून आपल्या मुलाची पहिली वर्षं जवळून बघायची असतील तर ते सुख आहे, त्यासाठी दिलेली किंमत ही समजून-उमजून दिलेली किंमत आहे, तिला नुकसान म्हणायचं कारण नाही. फक्त समजून-उमजून हे महत्त्वाचं. आणि घरी राहणारा माणूस बाबाही असू शकतो, तिचा पगार जास्त असेल आणि त्याची नोकरी डळमळीत असेल तर बिनधास्त. नातेवाईक वर्षभर विचारतील, मग त्यांनाही सवय होते.

आजी-आजोबांचं काय, हा प्रश्न येतोच. आजी असेल तर पाळणाघराचे १० हजार वाचले असं आपण धरतो, पण साठी ओलांडलेल्या बाईने दहा किलोचं मूल कडेवर घेऊन दिवस काढणं हे काम आहे, आणि सातारा-सांगलीकडून आलेल्या सासूबाई तिकडचं घर, भिशी, देऊळ, मैत्रिणी सगळं मागे ठेवून येतात. आजोबा तिकडे एकटेच डबा लावून जेवतात. तिला विचारा, खरंच विचारा, आणि सोबत दिवसभराची मदतनीस ठेवा म्हणजे आजीने फक्त लक्ष ठेवायचं. त्या मदतनीस मावशींना मात्र कुठली रजा आणि कुठला पीएफ, त्यांचं लेकरू वस्तीत मोठ्या बहिणीकडे असतं. बीडकडची ऊसतोडीला जाणारी जोडपी तर कोयता म्हणूनच मोजली जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे दोघांवर मिळून, त्यामुळे बाळ झालं म्हणून बाई मागे राहिली तर कोयताच मोडतो, मग बाळ फडातच साडीच्या झोळीत. केंद्राची पाळणा योजना आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघर द्यायची, ती खरंच गावोगाव आणि पूर्ण दिवस चालली तर लाखो बायकांना पहिल्यांदा निवड करता येईल. आपण जो विचार करत बसलोय तो करायला मिळणं हेही थोड्यांच्याच वाट्याला आलंय.

घरी राहायचं ठरलं तर कागदावर काही गोष्टी करून ठेवा. उरलेला जो पगार आहे तो दोघांचा आहे, त्यामुळे घरी राहणाऱ्याच्या स्वतःच्या खात्यात दरमहा ठराविक रक्कम आपोआप जायला हवी, भाजीच्या पैशांपेक्षा वेगळी. तिच्या नावाने पीपीएफ उघडा, वर्षाला दीड लाखापर्यंत भरता येतात आणि व्याजावर कर नाही. हे मुद्दाम सांगते कारण नवऱ्याने दिलेल्या पैशाची बायकोने एफडी केली तर त्याचं व्याज कराच्या हिशोबात नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, पीपीएफमध्ये ती कटकट नाही. पीएफ काढून फ्रिज-टीव्ही घेऊ नका, खातं राहू द्या, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, जपून ठेवा, पुढच्या नोकरीत तेच चालतं. कंपनीचा मेडिक्लेम बंद व्हायच्या आधी घराचा स्वतःचा घ्या. कमावणाऱ्याचा टर्म इन्शुरन्स घ्याच, आणि घर सांभाळणाऱ्याचाही बघा, कारण तो माणूस गेला तर त्याचं काम करायला पैसे मोजावे लागतात. न्यायालयंही हे मानतात: अपघाताच्या भरपाईत गृहिणीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात स्पष्ट सांगितलं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात पोटगी ठरवताना बाईने घरासाठी सोडलेली नोकरी लक्षात घ्यावी असं आलंय. पण कोर्टात मिळणारं उशिरा मिळतं, घराच्या ॲग्रीमेंटवर दोघांची नावं आजच घालता येतात.

परत जायचं असेल तर धागा तुटू देऊ नका. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सीएची मेंबरशिप, जे काही तुमच्या क्षेत्रात रिन्यू करावं लागतं ते करत राहा, वर्षातून एखादं छोटं काम घ्या म्हणजे बायोडेटावर सलग कोरी जागा राहत नाही, जुन्या सहकाऱ्यांशी दोन महिन्यांतून एकदा बोला. विज्ञान क्षेत्रातल्या बायकांसाठी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण ही योजना आहे, तिच्यात गॅपनंतर परत येणाऱ्यांचाही विचार केलाय. काही मोठ्या कंपन्याही असे कार्यक्रम चालवतात, टाटांनी २००८ मध्येच सुरू केला होता.

आणि राजीनामा अगदी शेवटी. आधी २६ आठवडे पूर्ण घ्या. मग साठलेली अर्जित रजा. मग घरून काम किंवा कमी तासांची मागणी, ती तोंडी बोलून सोडू नका, मेलवर लिहून द्या आणि उत्तर लेखी मागा. तेही नाही जमलं तर तीन किंवा सहा महिन्यांची बिनपगारी रजा मागा, एचआर बहुतेक वेळा नाही म्हणेल असं गृहीत धरून बायका विचारतच नाहीत, आणि मी बघितलंय की चांगलं काम करणाऱ्या बाईला सोडायला साहेबही तयार नसतात, नवीन माणूस शोधून शिकवण्यापेक्षा त्यांना थांबणं स्वस्त पडतं. मेल लिहिण्याआधी पगाराच्या जुन्या स्लिपा आणि जॉइनिंगची तारीख काढून ठेवा, ग्रॅच्युइटीची पाच वर्षं आणि पेन्शनची दहा वर्षं कधी पूर्ण होतात ते बघा, आणि रजा मागायची तर त्या तारखांच्या पुढेपर्यंत मागा.